ताडोबात वाघ टिपायला दहा लाखांची 'फास्ट' लेन्स खरंच लागते का?

हिवाळ्यातल्या पहाटे मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते, तेव्हा एखाद्या गाडीत तोफेएवढी लेन्स हमखास दिसते. शेजारच्या गाडीत साधी झूम लेन्स घेऊन बसलेल्याला लगेच वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे वाघ दिसला तर सगळी मदार कॅमेऱ्यावरच. मग ती तोफ घ्यायची का?

आधी 'फास्ट' म्हणजे काय ते पाहू. फोकस झटपट होतो म्हणून नव्हे, तर लेन्सचं छिद्र मोठं असतं म्हणून ती फास्ट. छिद्र मोठं, की प्रकाश जास्त आत येतो आणि शटर वेगात ठेवता येतं. एफ/२.८, एफ/४, एफ/६.३ हे आकडे त्या छिद्राचे. आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/४ मधून सुमारे अडीचपट आणि एफ/२.८ मधून पाचपट प्रकाश येतो.

याची किंमत मात्र जबर असते. ६०० मिमीला एफ/४ हवं तर पुढची काच किमान १५० मिमी रुंद लागते, एफ/६.३ ला ९५ मिमी पुरते. म्हणून सोनीची २००-६०० मिमी झूम लेन्स साधारण दीड ते दोन लाखांत मिळते आणि त्याच कंपनीची ६०० मिमी एफ/४ दहा लाखांच्या पुढे जाते. वजनही दोन किलोंवरून तीन किलोंवर.

एवढे पैसे वसूल कधी होतात? पहाटेचा पहिला अर्धा तास आणि संध्याकाळचा शेवटचा. बांबूच्या सावलीतून वाघ चालत येतोय, तो हलका पुसट होऊ नये म्हणून शटर १/५०० हवं. अशा अंधुक उजेडात एफ/६.३ ला आयएसओ १२८०० लागत असेल, तर एफ/४ ला ५००० आणि एफ/२.८ ला २५०० पुरेल. फोटोतल्या दाणेदारपणात हा फरक स्पष्ट दिसतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते हाताचा कंप थांबवतं, वाघाचं चालणं नाही.

पण बरेच पर्यटक इथे एप्रिल-मेमध्ये येतात, वाघ पाणवठ्यावर दिसतो म्हणून. तेव्हा सूर्य वर आला की एफ/६.३ लाही उजेड भरपूर असतो. आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागली, की लांबचा फोटो कुठल्याही लेन्सवर मऊच येतो. तिथे दहा लाखही हात टेकतात.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. वाघ दहा मीटरवर असेल तर ६०० मिमी एफ/४ वर जेमतेम सात सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, नाक धूसर! शिवाय वाघ रस्त्यावरूनच जिप्सीकडे चालत आला, तर ६०० मिमीमध्ये तो मावतच नाही. झूमवाला तेव्हा २०० मिमीवर येऊन निवांत फोटो काढतो.

फोटो शेवटी जाणार कुठे, हेही पाहावं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. इन्स्टाग्रामवर तो १०८० पिक्सेलचा होतो. एवढा लहान झाल्यावर आयएसओ १२८०० चे दाणे बरेचसे दिसेनासे होतात, उरलेले डीनॉइज सॉफ्टवेअर काढतं. भिंतीवर मोठी प्रिंट लावायची असेल किंवा फोटो विकायचे असतील, तर गणित वेगळं. वर्षभर जंगलात फिरणाऱ्यांना तो अर्धा तास दर फेरीत दोनदा मिळतो, त्यांना फास्ट लेन्स परवडते. वर्षातून एक-दोनदा येणाऱ्याने तेच पैसे जास्त सफारींवर घालवलेले बरे, कारण वाघच दिसला नाही तर एफ/२.८ काय टिपणार?

तरीही मोह होत असेल, तर मोठ्या शहरांत अशा लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. मात्र ती सफारीच्या आदल्या रात्री हातात घेऊ नये. दोन दिवस आधी आणून गल्लीतल्या धावत्या कुत्र्यांवर सराव करावा. सोबत बीन बॅग घ्यावी, रिकामी आणली तर गावात तांदूळ विकत घेऊन भरता येते. आणि वाघ समोर असताना जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगावं. त्याला एक रुपयाही लागत नाही.