मुगाची वंशावळ

इतिहास म्हटला की राजघराण्यांच्या वंशावळी आपल्यापुढे उभ्या राहतात. आज मी मुगाच्या दाण्याची वंशावळ सांगणार आहे. शेतकीची पदवी माझ्याजवळ नाही. कामगारांच्या सभा घेता घेता जे वाचले, जाणत्यांना विचारले, त्याच्या आधारावर बोलतो. पण माल कोणाच्या श्रमावर उभा आहे, हे विचारण्याची आम्हा संघटनावाल्यांची खोड शेतातही जात नाही.

मूग याच भूमीत माणसाळला. त्याचे फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत परागण उरकते. म्हणून आईसारखी लेक आणि लेकीसारखी नात. अशा पिकाचे उत्पन्न वाढवावे कसे? 1903 साली डेन्मार्कच्या योहान्सन यांनी घेवड्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले की, एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे निवडून पेरले, तरी पुढची पिढी मोठी निपजत नाही. तो मोठेपणा जमीन-पाण्याचा असतो, वंशाचा नव्हे. म्हणजे निवड करणारा नवे घडवीत नाही. वाणावाणांत जो भेद असतो, त्यातून तो उचलतो. भेदच नसेल तर त्याचे हात रिकामे.

हा भेद राखला कोणी? गाडग्या-मडक्यांत राख घालून बी जपणाऱ्या घरोघरच्या बायाबापड्यांनी. बिहारातील मुजफ्फरपूरच्या स्थानिक मुगातून टी-1 हे वाण निवडले गेले, आणि पुढच्या कितीतरी भारतीय वाणांच्या वंशावळीत ते पुन्हा पुन्हा आढळते. मूळ शेतकऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही.

एकाच घराण्यावर भिस्त ठेवण्यात धोकाही असतो. 1960 साली नरियानी यांनी दिल्लीतील मुगावरच्या पिवळ्या केवड्याची नोंद केली. पांढरी माशी हा रोग पसरवते. 1971 साली तैवानात स्थापन झालेल्या भाजीपाला संशोधन केंद्रातील टपोऱ्या दाण्याचा मूग आणि पाकिस्तानातील फैसलाबादचा रोग सोसणारा मूग यांच्या संकरातून एनएम 92 निघाला. त्यातूनच दिल्लीत ‘पुसा विशाल’ निवडला गेला. सरहद्दीवर तोफा असोत, दाण्याने सोयरीक जुळवली!

निसर्गातला भेद अपुरा पडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी किरणांची मदत घेतली. मुंबईजवळच्या तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढलेल्या ‘टार्म’ मालिकेने भुरी रोगाला तोंड दिले.

पूर्वी शेंगा एकदम पिकत नसत. दोन-तीन तोडण्या कराव्या लागत. आता कानपूरच्या संस्थेचा 2016 मधील ‘विराट’ 52 ते 55 दिवसांत तयार होतो, आणि शेंगा जवळजवळ एकदमच पिकतात. तोडणी वाचली हा शेतकऱ्याचा नफा खरा. पण तोडणारणीची मजुरी गेली, हेही त्याच खात्यात लिहिले पाहिजे.

2001 च्या कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. जुनी वाणे जपणाऱ्यांचा गौरवही त्यात आहे. पण वापरल्यावाचून हक्क टिकत नाही, हे आम्ही कामगार चांगले जाणतो. आपल्या आजोळी, गावी कोणाच्या मडक्यात जुना मूग शिल्लक असेल, तर तो मोडून खाण्याआधी ओंजळभर बियाण्याला ठेवा, एवढीच विनंती.