वर्तुळ आणि सरळ रेषा : तारपानृत्याचा विचार

दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. याच मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले. येथून जवळच, आज कर्तव्यपथ म्हटल्या जाणाऱ्या राजपथावरून, प्रजासत्ताकदिनाचे संचलन जाते. १९५३ पासून या सोहळ्याला लोकनृत्यांची जोड मिळाली आणि दूरदूरचे आदिवासी नर्तक राजधानीत आले. उपेक्षित समाजांना राष्ट्राच्या अंगणात मानाचे स्थान मिळाले, हे मोल नाकारता येणार नाही. परंतु नृत्य आपल्या भूमीपासून दूर आले की त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्नही तेथेच उपस्थित होतो.

डहाणू, तलासरी, जव्हार परिसरातील वारल्यांचे तारपानृत्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांतून तारपा घडतो. वादक मध्यभागी असतो. नर्तक एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. सूर बदलला की पाऊल बदलते. नर्तकांचे लक्ष तारप्याकडे असते. पाहणाऱ्याच्या वाट्याला त्यांची पाठच येते. भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा परंपरेने तारप्याचा ऋतू. धान्य म्हणजे वारल्यांची कणसरी देवी. तिच्याविषयीची कृतज्ञता या नृत्यात आहे.

संचलनाची रीत याहून वेगळी. तेथे पुढे सरकत राहावे लागते, मंचाकडे पाहावे लागते आणि पिकाऐवजी सरकारी दिनदर्शिका मुहूर्त ठरवते. तथापि स्थलांतर म्हणजे ऱ्हासच, असेही नव्हे. लग्नघराच्या भिंतीवरील वारली चित्र १९७० नंतर कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे यांनी तारपानृत्याचे वलय कागदावरही अखंड राखले. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली.

१९६३ साली ऑस्ट्रेलियातील योल्ंगू आदिवासींनी आपल्या भूमीवरील हक्काचा अर्ज झाडाच्या सालीवर, पारंपरिक चित्रांच्या चौकटीत, तेथील संसदेला सादर केला. विधीतील चिन्हे ही त्यांच्या दृष्टीने जमिनीची सनदच होती. वारल्यांनीही १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला, तो याच भातशेतीच्या मुलखात. तेव्हा तारप्याचे जतन हा कलासंग्रहाचा विषय ठरवून आपल्याला थांबता येणार नाही. ज्या शेतातील पिकासाठी ते वर्तुळ फिरते, ते शेत वारल्याकडे राहते की नाही, यावर त्या नृत्याचा अर्थ अवलंबून आहे.