घाणा कोणाचा?

कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांत एक वाद नेहमी निघतो. इस्पितळात बिल भरावे लागत नाही, म्हातारपणी पेन्शन मिळते, मग हा देश कम्युनिस्टच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर येथील इतिहासात सापडते.

१९४३ साली माँट्रियलच्या कार्टिए मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. कम्युनिस्टांतर्फे फ्रेड रोझ आणि समाजवादी सी. सी. एफ. पक्षातर्फे डेव्हिड लुइस उभे होते. दोघेही पूर्व युरोपातून आलेले यहुदी. रोझ निवडून आले, लुइस चौथे आले. पण १९४६ साली सोव्हिएत रशियाला गुपिते पुरविण्याच्या कटाबद्दल रोझ यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. लुइस मात्र लोकशाहीचा मार्ग न सोडता १९७१ ते १९७५ एन. डी. पी.चे नेते होते.

सी. सी. एफ.ने १९३३ च्या रेजायना जाहीरनाम्यात भांडवलशाही नष्ट करण्याची प्रतिज्ञा केली होती. १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली सस्कॅचेवन प्रांतात त्यांना सत्ता मिळाली. त्यांनी १९४७ साली इस्पितळाचा विमा सुरू केला. पुढे वुड्रो लॉइड यांच्या कारकीर्दीत, १ जुलै १९६२ रोजी, डॉक्टरांच्या फीचाही विमा आला. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. अखेर तडजोड झाली: दवाखाना डॉक्टरचाच राहील, बिल विमा भरील. १९६६ साली हीच योजना देशासाठी कायद्यात आणली ती लिबरल सरकारने! बेकारी विमा (१९४०) व कुटुंबभत्ता (१९४५) हेही लिबरलांचेच.

आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. त्यांचा घाणा डोळ्यांपुढे आणा. सगळे घाणे सरकारने घेतले आणि विरोधात बोलण्यासही बंदी केली, तर तो रशियातला साम्यवाद. लोकांनी मत देऊन मोठे घाणे सार्वजनिक मालकीचे केले, तर तो लोकशाही समाजवाद. घाणा तेल्याचाच राहिला, पण तेलाचा काही वाटा गावाच्या ठेवीत पडला आणि त्यातून आजाऱ्याचा इलाज झाला, तर ते समाजकल्याण. कॅनडा या तिसऱ्या वाटेने गेला.

तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी पेन्शनच्या अर्जावर सही करताना संकोचली, तर त्यांना सांगावे: ही भीक नव्हे. तुमच्या मुलाबाळांनी भरलेल्या करातलाच हा वाटा आहे.