एक वाक्य, दोन अन्वय

गणपतीपुळ्याच्या पुढे मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. तेथे येणारा वाचक कवीला वंदन करून परततो. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे नाव मात्र त्याला क्वचितच आठवते. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. एकाच वाक्याचे दोन अन्वय लागतात तेव्हा काय करावे, या प्रश्नाकडे वळताना आम्हांला या व्याकरणकाराची आठवण होते.

मोडी कागदांत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती, विरामचिन्हेही नव्हती. वाचणाऱ्याचा सराव आणि प्रसंगाची माहिती यांवरच अर्थाची भिस्त असे. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि इंग्रजी वळणाची चिन्हे मराठीत रुळू लागली. त्यामुळे वाचन सुकर झाले, यात शंका नाही. परंतु वाक्यातील संदिग्धता म्हणजे चुकलेला स्वल्पविराम, असा एक समजही त्याबरोबर रुजला.

हा समज मराठीपुरता तपासून पाहावा. 'रोको मत जाने दो' हे हिंदीतील प्रसिद्ध उदाहरण मराठीत आणून पाहिले तर ते टिकतच नाही. 'अडवू नका जाऊ द्या' आणि 'अडवा जाऊ देऊ नका' ही वाक्ये चिन्हांवाचूनही वेगळी राहतात, कारण 'नका' हा शब्द 'अडवू', 'देऊ' अशा ऊकारान्त रूपालाच बांधलेला असतो. येथे रूपच विरामचिन्हाचे काम करते. मराठीतील खरी संदिग्धता अन्यत्र आहे, आणि तेथे स्वल्पविराम फारसा उपयोगी पडत नाही.

'वाघाची शिकार' म्हणजे वाघाने केलेली की वाघ मारण्यासाठी केलेली? कृदन्ताच्या योगे कर्ता आणि कर्म या दोहोंनाही षष्ठी होते, हे पाणिनीने सांगितलेच आहे. मराठीचा 'चा' प्रत्यय तोच दुहेरी भार वाहतो. 'आईने मुलीला आपल्या खोलीत बसायला सांगितले' या वाक्यातील खोली आईची की मुलीची? बोलणारा घरातलाच असेल, तर 'आपली' म्हणजे सर्वांची, हा तिसरा अर्थही उभा राहतो. 'आम्ही त्याला मिरकरवाड्याहून येताना पाहिले' येथे येत कोण होते? 'मिरकरवाड्याहून येताना आम्ही त्याला पाहिले' असा क्रम बदलला, की पारडे आमच्याकडे झुकते.

नकाराचे उदाहरण याहून गंभीर आहे. 'तो भीतीने बोलला नाही.' भीतीमुळे तो गप्प राहिला, हा एक अन्वय. तो बोलला, पण त्याचे कारण भीती नव्हते, हा दुसरा. एका अर्थी तो बोललाच नाही, दुसऱ्या अर्थी बोलला. प्रसज्यप्रतिषेध आणि पर्युदास हा शास्त्रकारांचा भेद, म्हणजे नकार क्रियेशी जोडायचा की अन्य पदाशी, येथे आठवतो. बोलताना आघाताने जे उलगडते, ते कागदावर अडते. साक्षीदाराच्या जबानीत असे वाक्य आले, तर एका अन्वयावर माणसाचे भवितव्य ठरू शकते.

अन्वय लावणारा परभाषिक असेल तर? रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला, तो 'केसरी'तील मराठी लेखांवरून. सात युरोपियन आणि दोन पारशी ज्युरर यांच्यापुढे ते लेख इंग्रजी भाषांतरातून आले. भाषांतरांच्या अचूकपणावर टिळकांनी आक्षेप घेतले, तरी सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. तेथील वाद मुख्यतः शब्दांचा होता, वाक्यरचनेचा नव्हे. पण भाषांतरकाराला एकच अर्थ निवडावा लागतो आणि उरलेला अर्थ वाचकापर्यंत पोहोचतच नाही, हा धोका दोन्हीकडे सारखाच आहे.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याची चिकित्सा केली आणि दामल्यांनी पूर्वसूरींची मते मांडून, तपासून पुढचे पाऊल टाकले. 'मला आंबा आवडतो' यात कर्ता कोण, यावर आजही वाद होतो. तेथे अर्थ एक आणि पृथक्करणे दोन. द्व्यर्थी वाक्यात अर्थच दोन. दोन्ही ठिकाणी लागते ती एकच शिस्त, दुसऱ्या मताचा आधार काय आहे हे आधी पाहण्याची.

आम्ही वर्गात ही शिस्त पाळतोच असे नाही. 'शिकार' हे उदाहरण आम्ही एकदा परीक्षेत घातले होते. एका विद्यार्थिनीने 'वाघाची' ही कर्तरि षष्ठी मानली. आमच्या नमुना उत्तरात कर्मणि होती, म्हणून आम्ही तिचे गुण कापले. चूक आमची होती. तेव्हापासून असे वाक्य देताना आम्ही 'दोन्ही अन्वय लिहा आणि कोणत्या संदर्भात कोणता लागेल ते सांगा' असा प्रश्न विचारतो. उत्तरे तपासायला वेळ अधिक लागतो, पण व्याकरण शिकवल्याचे समाधान मिळते.