पत्त्यांचा न्याय आणि पंचांगाचा न्याय

द्यूताविषयीं आपल्या वाङ्मयाचें मत फार प्राचीन काळीं ठरून गेलें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि महाभारताच्या सभापर्वांत तर फांशांच्या पायीं सारें राज्यच गेलें. परंतु सभापर्वांतील त्या प्रसंगाकडे नीतीच्या नव्हे तर न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें असतां एक निराळीच गोष्ट ध्यानांत येते. डावावर धन लावणारा दुर्योधन, फांसे टाकणारा शकुनि, आणि समोर धर्मराज. कोणी कोणासमोर बसावें, किती डाव खेळावे आणि कोठें थांबावें, याचा निर्बंध त्या सभेंत कोणीच घातलेला नव्हता. खेळांतील अन्याय फांशांत असतो तितकाच तो मांडणींतहि असतो.

ही मांडणी निर्दोष कशी करावी, या प्रश्नाचा इतिहास पत्त्यांच्या खेळाइतका दुसऱ्या कोणत्याहि खेळांत मनोरंजक नसेल. ब्रिज हा आज बुद्धीचा खेळ म्हणून जगन्मान्य आहे. त्याच्या जागतिक महासंघास १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. या खेळांत तरुणांसाठीं स्वतंत्र जागतिक सामने होतात आणि देशाचा संघ निवडण्यासाठीं चाचणीस्पर्धा भरवाव्या लागतात. अशा चाचणींत कोणी कोणाशीं, किती डाव, कोणत्या क्रमानें आणि कोणत्या तारखेस खेळावें, हें ठरविणें वरवर पाहतां कारकुनी काम वाटतें. वस्तुतः चाचणीचा सारा न्याय त्या एका कागदावर अवलंबून असतो, असें आमचें मत आहे. आणि तें कां, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट. एडमंड हॉइल यानें १७४२ सालीं या खेळावर एक लहानसें पुस्तक लिहिलें आणि पुढें इंग्लंडच्या सुशिक्षित समाजांत हा खेळ चांगलाच रुजला. चार खेळाडू, बावन पानें, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. आपल्याकडे मेंढीकोट खेळणारांस ही बैठक नव्यानें समजावून देण्याची गरज नाहीं. अडचण एवढीच कीं, तेरा पानांचा हात ६,३५,०१,३५,५९,६०० प्रकारांनीं येऊं शकतो. ज्याच्या वांट्यास एक्के आणि राजे आले तो जिंकला, तर त्यांत दैव किती आणि कौशल्य किती, हें कोणी सांगावें?

या कोड्याचें उत्तर, ज्या १८५७ सालाची आपणांस अगदीं निराळ्या कारणानें आठवण आहे त्याच सालीं, लंडनमध्यें शोधण्यांत आलें. हेन्री जोन्स हा व्यवसायानें शस्त्रवैद्य, पण ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनांवानें व्हिस्टचा आचार्य म्हणून पुढें प्रसिद्धीस आला. त्यानें कुशल मानलेले चार खेळाडू एका पक्षास आणि सामान्य चार दुसऱ्या पक्षास घेतले, आणि तींच पानें दोन ठिकाणीं खेळावयास लावलीं. एका ठिकाणीं जीं पानें कुशलांकडे होतीं तीं दुसऱ्या ठिकाणीं सामान्यांकडे गेलीं. सरशी अखेर कुशलांची झाली. पानें दोन्ही पक्षांस सारखींच मिळाल्यामुळें दैवाचा वांटा मोठ्या प्रमाणांत वजा झाला, आणि उरलें तें कौशल्य. ही युक्ति साधी आहे. परंतु पत्त्यांच्या खेळास परीक्षेची योग्यता आली ती तिच्यामुळेंच.

पानें सारखीं झालीं, तरी प्रतिपक्षी सारखे कसे व्हावयाचे? हा दुसरा प्रश्न अमेरिकेंत सुटला. तेथें १८९१ सालीं व्हिस्ट खेळणारांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि त्याच सालीं जॉन मिचेल याचें या विषयावरील पुस्तक निघालें. त्याच्या नांवानें आजहि प्रसिद्ध असलेल्या पद्धतींत अर्ध्या जोड्या आपल्या जागीं स्थिर राहतात. उरलेल्या अर्ध्या दर फेरीस एक टेबल पुढें सरकतात आणि पत्त्यांचे कप्पे, ज्यांस खेळाडू ‘बोर्ड’ म्हणतात, ते एक टेबल मागें सरकतात. टेबलांची संख्या विषम असेल तर हें चक्र सुरळीत फिरतें. ती सम असेल तर मात्र मध्यावर अशी वेळ येते कीं, जोडी ज्या टेबलापाशीं पोहोंचते तेथील पानें तिनें आधींच खेळलेलीं असतात. म्हणून अर्ध्या फेऱ्या संपल्यावर एक टेबल ओलांडून जावें लागतें. या पद्धतींत आणखी एक उणीव आहे. एकाच दिशेस बसणाऱ्या जोड्यांची परस्परांशीं गांठच पडत नाहीं. ती उणीव हॉवेल याच्या पद्धतीनें भरून काढली. तींत प्रत्येक जोडी दुसऱ्या प्रत्येक जोडीशीं एकदां खेळते; आठ जोड्या असल्या तर चार टेबलें आणि सात फेऱ्या.

यावरून वेळापत्रक करणाराच्या डोक्यावरील ओझ्याची कल्पना येईल. सोळा जोड्या चाचणीस आल्या तर फेऱ्या १५, आणि परस्परांतील एकंदर लढती १२०. प्रत्येक लढतींत आठ डाव ठेविले तर प्रत्येक जोडीस १२० डाव खेळावे लागतील. एका डावास सरासरी साडेसात मिनिटें धरलीं तर नुसत्या खेळासच १५ तास पाहिजेत. म्हणजे रोज पांच तास खेळून तीन दिवस. डाव कमी केले तर दैवाचा वांटा पुन्हां वाढतो. वाढविले तर विद्यार्थ्याचे दिवस जातात. या ओढाताणींतून मोकळें करणारी किल्ली अद्याप कोणास सांपडलेली नाहीं, आणि सांपडणारहि नाहीं. येथें तडजोडच करावी लागते.

तिसरा प्रश्न याहून सूक्ष्म. जोडी जिंकली, पण जोडींतील कोणता भिडू श्रेष्ठ? प्रत्येकाचें कौशल्य वेगळें काढावयाचें तर प्रत्येक खेळाडू दुसऱ्या प्रत्येकाचा एकदां भिडू झाला पाहिजे आणि दोनदां त्याचा प्रतिपक्षी झाला पाहिजे. आठ खेळाडू असतील तर सात फेऱ्यांत हें जुळविता येतें. परंतु वाटेल त्या संख्येस जुळविता येईल काय? शिकागोचे गणिताचार्य ई. एच. मूर यांनीं १८९६ सालीं या प्रश्नाचा शास्त्रीय विचार केला. तत्पूर्वीं १८५० सालीं टॉमस कर्कमन या इंग्रज धर्मोपदेशकानें याच जातीचें एक कोडें घातलें होतें: पंधरा शाळकरी मुली रोज तिघी-तिघींच्या ओळींनीं फिरावयास जातात, सात दिवसांत कोणत्याहि दोघी एका ओळींत दुसऱ्यांदा येऊं नयेत अशी व्यवस्था करा. वेळापत्रकें आणि कोडीं यांतून गणिताची एक मोठी शाखा उभी राहिली, आणि तिच्या इतिहासांत मराठी माणसाचें नांव ठळकपणें कोरलें गेलें आहे.

तें नांव शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचें. १९१७ सालीं सागर येथें जन्मलेले श्रीखंडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयाचे पदवीधर. पुढें ते मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९६३ नंतर तेथेंच त्यांनीं अध्यापन केलें. ऑयलर या थोर गणितज्ञानें १७८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें अनुमान केलें होतें कीं, सहा पलटणींतील सहा दर्जांचे छत्तीस अंमलदार, प्रत्येक ओळींत आणि प्रत्येक रांगेंत प्रत्येक पलटणीचा व प्रत्येक दर्जाचा एकेकच येईल, अशा रीतीनें चौकोनांत उभे करतां येणार नाहींत. आणि दहा, चौदा इत्यादि संख्यांसहि तीच अडचण येईल. सहापुरतें तें खरें ठरलें. परंतु १९५९ सालीं राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनीं पुढील साऱ्या संख्यांविषयींचें तें अनुमान खोटें ठरविलें, आणि अमेरिकेंतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रानें ती वार्ता पहिल्या पानावर छापली. याच बोस यांनीं १९६५ सालीं जे. एम. कॅमेरॉन यांजबरोबर ब्रिजस्पर्धेच्या वेळापत्रकावर निबंध लिहिला. त्यांतील मर्म फार सुंदर आहे. तराजूच्या एका पारड्यांत दोन वजनें आणि दुसऱ्यांत दोन वजनें घालून प्रत्येक वजनाचा खरेपणा तपासावयाचा असेल, तर कोणतीं दोन कोणत्या दोहोंसमोर केव्हां घालावीं, हें ठरविणें आणि ब्रिजच्या खेळाडूंस टेबलावर बसविणें यांचें गणित एकच आहे. चाचणी म्हणजे तराजू, हें रूपक आम्हीं अलंकारासाठीं योजिलेलें नाहीं. तें अक्षरशः खरें आहे.

तथापि गणितानें सारें काम भागत नाहीं, कारण पारड्यांतील वजनें माणसें आहेत. त्यांचे डाव कोणत्या क्रमानें लावावे, यासहि महत्त्व आहे. १९६२ सालीं क्युरासाव येथें बुद्धिबळांतील जगज्जेत्यास आव्हान देणारा खेळाडू निवडण्यासाठीं जी स्पर्धा झाली, तींत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघां सोव्हिएत खेळाडूंचे आपसांतील बाराहि डाव बरोबरींत सुटले. फिशर यानें उघड आरोप केले, आणि पुढील खेपेपासून सर्वांनीं सर्वांशीं खेळण्याऐवजीं समोरासमोरच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या. यांतून चाचणीचा व्यवस्थापक जो धडा घेतो तो असा कीं, एकाच मंडळाच्या किंवा एकाच घरच्या जोड्या आरंभीच्या फेऱ्यांतच एकमेकींसमोर आणाव्या. शेवटच्या फेरीस ज्याला गमावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, त्याच्यासमोर त्याचाच मित्र बसविणें म्हणजे मोहाला आमंत्रण देणें होय. मुलांच्या सचोटीवर अविश्वास म्हणून नव्हे, तर तिची नाहक परीक्षा पाहिली जाऊं नये म्हणून ही काळजी घ्यावयाची.

निवडीचा घटक कोणता धरावा, हाहि वाद जुनाच. अमेरिकेनें १९६० नंतरच्या दशकांत जोड्यांच्या चाचण्या घेऊन उत्तम ठरलेल्या तीन जोड्यांचा संघ केला, आणि तिकडे १९५७ ते १९६९ पर्यंत इटलीचा ‘निळा संघ’ दहा वेळां बर्म्यूडा चषक घेऊन गेला. आयरा कॉर्न या डॅलसच्या उद्योगपतीनें १९६८ सालीं खेळाडूंस एकत्र ठेवून त्यांचा बांधीव संघ तयार केला. त्या संघानें १९७० व १९७१ सालीं तो चषक परत मिळविला. तीन उत्तम जोड्या म्हणजे उत्तम संघ नव्हे, हें त्यावरून अनेकांस पटलें. परंतु तरुणांच्या बाबतींत या युक्तिवादास मर्यादा आहे. बांधीव संघ मोठ्या शहरांत बांधतां येतो. लहान गांवांतील दोन हुशार मुलांना चौघे सोबती कोठून मिळावे? त्यांना जोड्यांच्या चाचणीचेंच दार उघडें असतें, आणि तें बंद करूं नये.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. पानें, प्रतिपक्षी, भिडू आणि क्रम या चार गोष्टींचा न्याय दीडशें वर्षांत पुष्कळ साधला. पांचवी गोष्ट तारीख. तिच्याकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. प्रौढ खेळाडूस तारखेची पर्वा नसते. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत भारताला ब्रिजचें सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणव बर्धन साठ वर्षांचे आणि शिवनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे होते. यंदा संधि हुकली तर पुढल्या वर्षीं, असें त्यांच्या वयाचा माणूस म्हणूं शकतो. तरुणाला तसें म्हणतां येत नाहीं.

तरुणांचे जागतिक सांघिक सामने १९८७ सालीं ॲम्स्टरडॅम येथें प्रथम झाले. २००५ पर्यंत ते विषम सालीं भरत. २००६ पासून सम सालीं भरूं लागले. मुख्य गटास वयाची मर्यादा सव्विसाच्या आंत अशी असून ती सालावर मोजतात. २०१६ च्या सामन्यांस १ जानेवारी १९९१ रोजीं किंवा नंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. म्हणजे १ जानेवारी १९९१ रोजीं जन्मलेल्यास पंचविसाव्या वर्षींहि खेळतां आलें. आणि त्याच्या आदल्या दिवशीं, ३१ डिसेंबर १९९० रोजीं जन्मलेल्याची शेवटची संधि २०१४ सालीं, तेविसाव्या वर्षींच संपली. एका रात्रीच्या अंतरानें दोन वर्षें गेलीं! कॅव्हेंडिशनें पानांतील दैव वजा केलें. हें पंचांगांतील दैव अद्याप तसेंच आहे.

मर्यादा कोठें तरी घालावीच लागते, हें आम्हांस मान्य आहे. पण म्हणूनच, जी तारीख आपल्या हातीं आहे ती तरी विचारपूर्वक ठरवावी. जागतिक सामने बहुधा जुलै-ऑगस्टांत असतात. पारपत्र, परवाने आणि सराव यांसाठीं चार-सहा महिने सोडले तर चाचणी फेब्रुवारी-मार्चवर येऊन ठेपते, आणि आमच्या महाराष्ट्रांत तो बारावीच्या परीक्षेचा हंगाम. मुलाला पत्ते आणि परीक्षा यांतून एक निवडावयास लावलें तर कोणता बाप पत्त्यांच्या बाजूनें कौल देईल? अशा चाचणींत जो संघ निवडला जातो तो उत्तमांचा नसून मोकळ्या असलेल्यांचा असतो.

चाचणी दिवाळीच्या सुटींत घ्यावी, हा सरळ उपाय. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं पत्ते खेळण्याची रूढि ज्या समाजांत अनेक घरीं आहे, त्यास ती फारशी खटकणार नाहीं. यावर आक्षेप असा कीं, सामन्यांच्या आठ-नऊ महिने आधींच निवड केली तर मधल्या काळांत झपाट्यानें पुढें आलेल्या मुलावर अन्याय होईल. या वयांत सहा महिन्यांत खेळाडू पालटतो. आक्षेप खरा आहे. म्हणून पहिली, मोठी फेरी दिवाळींत घेऊन तींतून सहा-आठ जोड्या काढाव्या, आणि परीक्षा आटोपल्यावर दोन दिवसांची अंतिम फेरी ठेवून तींत एक-दोन जागा नव्यानें वर आलेल्यांसाठीं राखाव्या. पारपत्राची तयारी पहिल्या फेरींतून निघालेल्या सर्वांनींच करून ठेवावी. थोडा खर्च वाढेल, पण संधि वांचेल. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तारखा वर्षभर आधीं जाहीर कराव्या, व एकदां जाहीर केल्यावर कोणाच्या सोयीसाठींहि हलवूं नयेत.

टेबलावर बसलेल्या मुलाला आपल्या वांट्यास कोणतीं पानें येतील हें ठाऊक नसतें, आणि तें नसण्यांतच खेळाची गोडी आहे. परंतु आपल्याला टेबलावर बसावयास मिळेल कीं नाहीं, हें त्यास आगाऊ ठाऊक असणें हा त्याचा हक्क आहे. तो हक्क गणिताचार्य देऊं शकत नाहींत; तो वेळापत्रक करणाऱ्या वडीलधाऱ्यांनींच द्यावयाचा आहे.