उदगीरचे कापड, नांदेडचा तिरंगा

भारताचा राष्ट्रध्वज प्रमाणित खादीत तयार करणारी केंद्रे देशात मोजकीच आहेत. कर्नाटकात हुबळीचे बेंगेरी प्रसिद्ध आहे, तर महाराष्ट्रात हा मान नांदेडकडे जातो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज शिवले जातात. त्यांचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या हातमागांवर विणले जाते. ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता, तर उदगीर बीदर जिल्ह्यात मोडत असे. तिथे तिरंगा लावणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे होते.

संस्थानाचा स्वतःचा आसफजाही ध्वज पिवळा होता आणि त्यावर मधोमध पांढरे वर्तुळ होते. हे वर्तुळ म्हणजे कुलचा, एक प्रकारची रोटी. त्याची आख्यायिका मराठवाड्यातलीच आहे. औरंगाबादचे सूफी संत निजामुद्दीन यांनी पहिल्या निजामाला पिवळ्या कापडात बांधून कुलचे दिले. त्याने सात खाल्ले, तेव्हा त्याचे घराणे सात पिढ्या राज्य करील असा आशीर्वाद संतांनी दिला. संतांच्या फडक्याचा रंग आणि रोटीचा आकार अशा रीतीने राज्याच्या निशाणावर आला.

१९४७ मध्ये या दोन ध्वजांचा संघर्ष उघड झाला. निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला आणि तिरंगा फडकवण्यावर बंदी घातली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला सामिलीकरण दिन पाळला. १५ ऑगस्टला बंदी मोडून जागोजागी झेंडे लावले गेले आणि स्वामीजींना अटक झाली. पुढच्या वर्षभरात ध्वज हीच निष्ठेची खूण ठरली. लातूरला वकिली केलेला आणि रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेचा नेता म्हणून ओळखला जाणारा कासीम रझवी दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण लावण्याची भाषा करत होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणूनच मराठवाड्यात स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनाबरोबर मुक्तिसंग्राम दिनालाही तिरंग्याला मानवंदना दिली जाते.

ज्या ध्वजासाठी हे सारे झाले, त्याचे आजचे रूप संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारले. वर केशरी, मध्ये पांढरा आणि खाली हिरवा अशा तीन समान पट्ट्या, पांढऱ्या पट्टीवर २४ आऱ्यांचे गडद निळे अशोकचक्र आणि लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ अशी त्याची रचना आहे. १९३१ च्या काँग्रेस ध्वजावर चक्राच्या जागी चरखा होता. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते, हे या बदलाचे एक साधे, व्यवहारी कारण होते. रंगांना धर्माशी जोडू नये, असे जवाहरलाल नेहरूंनी सभेत स्पष्ट केले. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केशरीत त्याग, पांढऱ्यात सत्याचा प्रकाश, हिरव्यात मातीशी नाते आणि चक्रात धर्म व गती असा अर्थ सांगितला. चरखा चित्रातून गेला तरी सूत टिकले, कारण ध्वज हातकताईच्या आणि हातविणीच्या खादीचाच असावा हा दंडक पुढे २०२१ पर्यंत कायम राहिला. तिरंग्याचे खरे वेगळेपण रंगांइतकेच या दंडकात होते.

नांदेडची समिती याच विचारातून उभी राहिली. मुक्तिसंग्रामातून आलेल्या स्वामीजींसारख्या कार्यकर्त्यांनी खादीला गावातल्या रोजगाराचे साधन मानले होते. उदगीरला विणलेले कापड धुलाई आणि रंगाईसाठी अहमदाबादला जाते. तिथून परतल्यावर नांदेडला कटाई, छपाई आणि शिलाई होते. कापडापासून शिवणीपर्यंत प्रत्येक गोष्ट भारतीय मानक ब्युरोच्या कसोटीला उतरावी लागते. मानकात ध्वजाचे नऊ आकार ठरवून दिले आहेत. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २१ × १४ फुटांचा, तर सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटरचा.

मोठ्या ध्वजाचे माप पाहिले की कारागिरांचे कौशल्य कळते. त्याची प्रत्येक पट्टी १४०० मिलिमीटर रुंद असते आणि चक्राचा व्यास १२९५ मिलिमीटर. म्हणजे चक्राच्या वर आणि खाली जेमतेम पाच सेंटिमीटर पांढरी जागा उरते. छपाई थोडी जरी सरकली तरी ती नजरेत भरते. त्यात चक्र दोन्ही बाजूंना छापायचे आणि दोन्ही छाप नेमके एकमेकांवर यायला हवेत. काठीच्या बाजूला जाड खादीची पट्टी शिवतात, तिच्यातून दोर ओवतात आणि वरच्या टोकाला लाकडी गुल्ली बसवतात. वाऱ्याचा सगळा ताण इथेच येतो, म्हणून ही शिलाई सर्वांत मजबूत लागते.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत घरोघरी ध्वज पोहोचले, ही आनंदाचीच गोष्ट होती. पण स्वस्त पॉलिस्टरपुढे हातविणीच्या खादीचा भाव टिकणे अवघड झाले आणि खादी संस्थांनी या दुरुस्तीला जाहीर विरोध केला. विरोधाचे कारण रास्त आहे. खादीच्या ध्वजाची किंमत सूत कातणाऱ्या, माग चालवणाऱ्या आणि शिलाई करणाऱ्या हातांपर्यंत पोहोचते. शासकीय इमारतींवर लागणाऱ्या मोठ्या ध्वजांसाठी मात्र नांदेडच्या खादीला मागणी राहिली आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवसांआधी तिथली यंत्रे अधिक वेळ चालतात.