मुक्कामी गाडीचा डबा

आमचं गाव मेढ्याच्या पलीकडचं. रात्री आठच्या सुमाराला एसटीची मुक्कामी गाडी यायची आणि देवळापुढं उभी राहायची. ड्रायव्हर आणि मास्तर, म्हणजे कंडक्टर, देवळातच झोपायचे. पहाटे सहाला ती साताऱ्याकडं सुटायची. त्याआधी आई चुलीवर भाकऱ्या भाजून, फडक्यात बांधून, डब्याच्या वरच्या पुडात ठेवायची. खालच्या पुडात कोरड्यास. मग पदर डोक्यावर ओढून गाडीपाशी यायची आणि म्हणायची, "मास्तर, तेवढा पोराचा डबा उतरवा." हे तिनं तीन वर्षं केलं. साताऱ्याचं कॉलेज तिनं कधी पाहिलं नाही.

मी १९७९च्या जूनमध्ये बी. ए. वनला आलो. मंगळवार पेठेत एका खोलीत आम्ही पाच जण, पाच गावांचे. पहिल्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं मला स्टँडवर नेलं. त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. नियंत्रण कक्षामागच्या बाकावर तीस-चाळीस पिशव्या ओळीनं मांडलेल्या. जुन्या धोतराच्या, लुगड्याच्या, खताच्या पोत्याच्या. अण्णा म्हणाला, "पिशवीला काहीतरी खूण करून घे, नाहीतर उद्या दुसऱ्याची भाकरी खाशील." पुढच्या फेरीला आईनं पिशवीच्या बंदाला तांबड्या लुगड्याची चिंधी शिवून पाठवली. डबा हातात आला की आधी फडक्यावरून तळहात लावून बघायचं, भाकरी कोमट आहे का. पावसाळ्यात गाडी घाटात अडकली की ती गार व्हायची. कधी डबा यायचाच नाही. मग चौघांच्या डब्यांत पाचवा जेवायचा. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नसे.

पुढं मी इतिहास शिकलो, तीस-पस्तीस वर्षं शिकवला. हा डबा कुठून आला, हे शोधताना मला वाटत गेलं की महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासाची अर्धी बाजू चुलीपाशी आहे आणि ती कुणी नीट लिहिलेली नाही.

पुण्यात फर्ग्युसन १८८५ला सुरू झालं. त्याच्या आधीपासून बाहेरगावच्या गरीब मुलांसाठी पुण्यात दोन वाटा होत्या, वार लावून जेवणं आणि माधुकरी. सात दिवसांना सात घरं ठरलेली, किंवा झोळी घेऊन दारोदार फिरायचं. १९०९मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरीवर राहिली. वाढणारा हात इथंही बाईचाच. पण या वाटा ब्राह्मण मुलांपुरत्या होत्या. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला वार कोण देणार? बुद्धी असून तो शहरात टिकत नव्हता, कारण संध्याकाळी जेवायचं कुठं हे ठरलेलं नव्हतं. शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. १९०१मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. राजाराम कॉलेज तिथं आधीपासून होतं. बोर्डिंगं निघाल्यावर खेड्यातल्या मुलाला तिथपर्यंतची वाट खुली झाली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनंही १९२५च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढलं. सभेच्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं ते एक.

टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा पहिलं वर्ष त्यांनी तालमीत घालवलं, प्रकृती कमावली आणि परीक्षेत नापास झाले. मुलांना ही गोष्ट मी आवडीनं सांगायचो. पण सांगताना मनात यायचं की त्यांना एक वर्ष गमावणं परवडलं. आमच्याकडचा मुलगा पहिल्या वर्षी नापास झाला की घरी औताला जुंपला जायचा. त्याचं कॉलेज तिथंच संपायचं.

म्हणून साताऱ्याची गोष्ट मला जवळची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणारं. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ती मुलं स्वतः दळायची, स्वयंपाक करायची. घरात दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मुष्टीफंडाविषयी मात्र कमी बोललं जातं. जात्यावर दळण घालण्याआधी बाईनं मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचं. ते साठलं की संस्थेकडं जायचं. ज्यांच्या स्वतःच्या मुली शाळेत गेल्या नव्हत्या, त्या बायांनी दुसऱ्याची पोरं शिकावीत म्हणून रोजच्या दळणातली मूठ काढली. १९४७मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज उघडलं ते 'कमवा आणि शिका' म्हणत. तिथंवर पोरं पोचली, त्यामागं ही मूठ होती.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर धावली. पुढं गाड्या खेड्यापाड्यांत मुक्कामाला जाऊ लागल्या आणि मुठीचा डबा झाला. हा डबा कुणी योजना म्हणून आखला नाही. तो गावाच्या आणि मास्तरच्या भरवशावर चालला.

त्या बाकापाशी मी कॉलेज शिकलो, असं म्हणालो तर अतिशयोक्ती होणार नाही. डबे आणायची पाळी असायची. परतताना अण्णा पहिल्या वर्षाच्या पोरांना एकेक गोष्ट सांगायचा. ई. बी. सी.चा, म्हणजे फी-सवलतीचा, फॉर्म कधी भरायचा आणि उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आधीच का आणून ठेवायचा. लायब्ररीचं कार्ड रिकामं ठेवायचं नाही. सर इंग्रजीत बोलले आणि कळलं नाही तरी मान खाली घालायची नाही, पहिल्या बाकावर बसायचं. सक्तीच्या इंग्रजीची मला धास्ती होती. त्यानं त्याची वही दिली, शब्दांचे अर्थ पेन्सिलीनं मराठीत लिहिलेले. ती वही त्यालाही कुणाकडून तरी आलेली होती. दोन वेगळी अक्षरं त्यात आधीच होती. तिसरं माझं झालं.

आईला लिहिता येत नव्हतं. पण डबा उघडला की मला गावाकडचं कळायचं. नाचणीची भाकरी बदलून तांदळाची आली की भात झोडून झालेला. वाटाणा आला की रान हिरवं आहे. भाकऱ्या जाड आणि घाईत थापलेल्या असल्या की लावणी चाललीय, आई चिखलात उभी आहे. त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसायचो.

२०१९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची 'दीक्षारंभ' ही कल्पना आली. नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून द्यायची, त्यांना रुळवायचं. ते काम माझ्याकडं आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. भाषणांची यादी कमी करून मी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "कोण कुठल्या गाडीनं येतं आणि डबा कुणाचा येतो?" हात वर झाले तसे मुलांचे गट पडले. प्रत्येक गटात तिसऱ्या वर्षाचं एकेक जण दिलं.

२०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. संप करणाऱ्या कामगारांचं दुःख खरं होतं. त्यांच्यासारख्याच मास्तरांनी एके काळी माझा डबा उतरवून दिला होता. पण स्टँडवर गेलो की तो रिकामा बाक बघवत नसे. ओळखीच्या दोन मुली खोली सोडून गावी गेल्या. त्यांतली एक परत आलीच नाही.

संप मिटल्यावर, पावसाळ्यात एका सकाळी पुन्हा स्टँडवर गेलो. बाकावर पिशव्या होत्या, आता बहुतेक नायलॉनच्या, एकसारख्या. एक मुलगी दुसरीला, नव्या दप्तराच्या, बावरलेल्या मुलीला सांगत होती, "अगं, तुझ्या पिशवीला काहीतरी बांध. रिबीन बांध, चिंधी बांध. नाहीतर ओळखायची कशी?" नव्या मुलीनं मान हलवली. मग पिशवीत हात घालून फडक्यावर तळहात ठेवला.